तुरटपणाची पारख : बारोलो चाखताना

बारोलोचा पेला पहिल्यांदा समोर येतो तेव्हा बहुतेकांचा हिरमोड होतो. किंमत ठाऊक असते, ‘वाइनचा राजा’ हे बिरुद कानावरून गेलेलं असतं, आणि पेल्यात दिसतं ते पातळ कोकम सरबतासारखं, कडेला विटकरी पडलेलं काहीतरी. घोट घेतला तर हिरड्या आकसतात, वरचा ओठ दातांना चिकटून बसतो. लाल वाइन म्हणजे गडद, दाट आणि मऊ, या हिशेबाने चाखणारा इथेच पेला खाली ठेवतो.

पण लाल वाइनची पारख शिकायची तर आमच्या मते हिच्यासारखी दुसरी वाइन नाही. रंग, दाटपणा, गोडसर फळांचा वास हे सोपे आधार ती काढून घेते. उरतात दोन प्रश्न : तुरटपणा कोणत्या प्रतीचा आहे, आणि तो ओसरल्यावर तोंडात काय राहतं?

आधी ओळख. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांत आहे. तिथल्या आल्बा शहराजवळच्या ११ गावांच्या हद्दीत, नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून केलेली वाइन म्हणजे बारोलो. १९८० सालापासून तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा आहे. तोडणीच्या वर्षी १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने ती मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ लिहायचं तर ६२ महिने. म्हणजे २०२०ची साधी बारोलो २०२४च्या जानेवारीच्या आधी बाजारात येऊच शकत नव्हती. नेब्बिओलोला पालवी लवकर फुटते आणि द्राक्षं पिकतात मात्र उशिरा, ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुकं उतरायला लागल्यावर. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात, द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात.

आता तापमान. बहुतेक चाखण्या इथेच फसतात. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतल्या दगडी घरांचा आहे. मुंबईत मे महिन्यात खोली ३० अंशांवर असते, आणि त्या तापमानाला कितीही उंची वाइन ओतली तरी आधी अल्कोहोलचा भपकारा येणार. पारखायला १६ ते १८ अंश सेल्सिअस ठीक. बादलीत बर्फ आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा-बारा मिनिटांनी थोडी वाइन ओतून त्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरून बघा. नुसता बर्फ नको. पाण्याशिवाय तो काचेला सगळीकडून टेकत नाही आणि वेळ दुप्पट लागतो. १४ अंशांच्या खाली गेली तर वास मिटतो, तुरट आणि कडू चव टोचायला लागते. तरी चूक करायचीच तर थंडीच्या बाजूने करावी, कारण पेला तळव्यांत धरून दोन-तीन अंश वर आणता येतो. पेल्यात कोमट झालेल्या वाइनला मात्र इलाज नाही.

पेला बिनरंगी, पातळ काचेचा, तोंडाशी निमुळता हवा. चाखण्यासाठीचा आयएसओ पेला साधारण २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात ५० मिलिलिटर ओततात. बारोलोला त्याहून घेरदार पेला मानवतो, पण तुलना करायची असेल तर सगळे पेले एकसारखे आणि माप एकसारखं, हे महत्त्वाचं. पेले कपाटात उपडे ठेवलेले असतील तर आत लाकडाचा वास साठतो आणि तो वाइनच्या माथी मारला जातो. म्हणून आधी रिकामा पेला हुंगायचा. जवळ पिकदाणी ठेवायची, लाजायचं नाही. आठ वाइन, प्रत्येकी ५० मिलिलिटर, १४ टक्के अल्कोहोल : सगळं गिळलं तर पोटात ४४ ग्रॅम अल्कोहोल जातं. पाचव्या पेल्यापुढचे गुण मग वाइनला मिळत नाहीत, चाखणाऱ्याच्या मूडला मिळतात.

बाटलीवर पायमोजा चढवा. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते.

डोळ्यांचं काम थोडं. पांढऱ्या कागदावर पेला ४५ अंशांत तिरपा धरा. वाइन स्वच्छ आहे का गढूळ, आणि कडेचा रंग मधल्या रंगापेक्षा किती वेगळा आहे, एवढंच बघायचं. नेब्बिओलोच्या सालीतली रंगद्रव्यं मुळातच लवकर विटणारी आहेत, त्यामुळे कडेची विटकरी छटा तरुण बारोलोतही दिसते. तिथे ती म्हातारपणाची खूण नव्हे. हाच रंग काबर्ने सोव्हिन्यॉ या गडद रंगाच्या द्राक्षाच्या पाच वर्षांच्या वाइनमध्ये दिसला तर मात्र कान टवकारायचे. काचेवरून ओघळणाऱ्या धारा बघून दर्जा सांगणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, पृष्ठताण बदलतो, म्हणून धारा पडतात. त्यातून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो.

रंग माणसाला किती फसवतो याचा पुरावा २००१ साली प्रसिद्ध झाला. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ५४ जणांना एक पांढरी वाइन वास घेऊन वर्णन करायला दिली. तीच वाइन निर्गंध लाल रंग घालून दिली तेव्हा त्यांनी लाल वाइनसाठी वापरतात ते शब्द लिहिले. ते सगळे वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. शंका आली तर काळ्या काचेच्या पेल्यात चाखा, नसेल तर डोळे मिटून.

वास घेताना पहिला हुंगा पेला न हलवता. सगळ्यात हलके, सगळ्यात आधी उडून जाणारे वास तेव्हाच कळतात. मग पेला टेबलावरच गोल फिरवा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. लांब श्वास ओढू नका, नाक काही क्षणांत त्या वासाला सरावतं आणि मग काहीच सापडत नाही. तसं झालं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा आणि परत यायचं. तरुण बारोलोत गुलाब येतो, तोही ताज्या फुलाचा कमी आणि वाळलेल्या पाकळ्यांचा, गुलकंदाच्या वाटेवरचा जास्त. सोबत उन्हात तापलेल्या रस्त्याचं डांबर, आंबट चेरी, ज्येष्ठमध. दहा-पंधरा वर्षांनी चामडं, तंबाखू, पावसात भिजलेला पाचोळा आणि त्या भागात मिळणारी ट्रफल ही भूछत्रं.

पण वासांची यादी लांबली म्हणजे पारख झाली असं नाही. यादी कुणीही पाठ करू शकतो. विचारायचं ते असं : वास स्वच्छ आहे का? नाक पेल्यात घालण्याआधीच भेटायला येतो का? दहा मिनिटांनी तोच राहतो का आणखी काही उलगडतं? पहिल्या हुंग्यात सगळं सांगून मोकळी होणारी वाइन चांगली असू शकते, उत्तम क्वचितच.

दोष ओळखायला मराठी फार कामाला येते. ‘कुबट’ हा एकच शब्द बघा. ओलं पोतं, भिजलेला पुठ्ठा, पावसाळ्यात बंद राहिलेली माळ्यावरची ट्रंक. बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा वास नेमका हाच, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंही ते नाकाला पुरतं. त्रास तेव्हा होतो जेव्हा ते त्याहून कमी असतं : कुबटपणा स्पष्ट येत नाही, फक्त फळाचा वास मेलेला असतो आणि चाखणारा वाइनलाच सपक ठरवतो. अशा वेळी पेला वीस मिनिटं बाजूला ठेवा. टीसीए असेल तर कुबटपणा वर येतो. सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडेपेटीचा वास असेल तर गोष्ट उलटी; तो गंधकाचा, बाटलीत हवा न मिळाल्याने आलेला, आणि पेला फिरवत राहिलं की बहुतेकदा निघून जातो. म्हणून घाईने बाटली परत करू नये. नेलपॉलिश रिमूव्हर आणि व्हिनेगर ही ॲसिटिक आम्लाच्या घराण्यातली मंडळी. जुन्या पद्धतीच्या बारोलोत त्यांची पुसटशी झाक वासाला उचलून धरते, नाकात झोंबली की दोष. तबेल्याचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. काही जण त्याला ‘गावरान बाज’ म्हणून गोंजारतात. आमचं मत कडक आहे : तो वास वाढला की फ्रान्सच्या बोर्दो आणि ऱ्होन भागांतल्या वाइन आणि बारोलो, सगळ्यांचा वास एकच होतो, मग गावाचं नाव लिहून उपयोग काय?

आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारा दोष मात्र उन्हाचा. गोदामात किंवा ट्रकमध्ये तापलेल्या बाटलीतली वाइन फुगते, बूच किंचित वर ढकललं जातं, टोपणाखाली चिकट ओघळ सापडतो. वास शिजवलेल्या जॅमचा, करपटाकडे झुकलेला. बाटली घेतानाच टोपणावरून अंगठा फिरवावा. बूच वर आल्यासारखं लागलं तर ती बाटली सोडून द्यावी.

आता तोंड. घोट मोठ्या चमच्याएवढा, १० ते १५ मिलिलिटर. चूळ भरल्यासारखा सगळीकडे फिरवायचा, ओठ जरा विलग करून थोडी हवा आत ओढायची, आठ-दहा सेकंदांनी थुंकायचं. जिभेच्या शेंड्यावर गोड, कडांवर आंबट असा नकाशा पुस्तकांत असतो, तो चुकीचा आहे. आंबटपणा मोजायची खरी जागा लाळ आहे. थुंकल्यावर मान खाली घालून तोंड अर्धवट उघडं ठेवा, लाळ किती झपाट्याने जमते ते बघा. बारोलोत ती भराभर जमते. दात आंबल्यासारखे झाले तर आम्ल वाइनच्या अंगापेक्षा जास्त झालं.

तुरटपणा ही चव नाहीच, तो स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, गाल, हिरड्या एकमेकांवर घासायला लागतात. म्हणून तो जिभेवर शोधू नका. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूने जीभ फिरवा. किती आहे हे लगेच कळतं. नेब्बिओलोत तो भरपूरच असतो, त्यामुळे ‘तुरटपणा : जास्त’ असं लिहून बारोलोबद्दल काहीच सांगितलं जात नाही. सांगायचं असतं ते पोताबद्दल.

इथे आपली जीभ आधीच शिकलेली आहे. ती जांभळावर, आवळ्यावर, हिरड्याच्या फळावर, सुपारीवर वाढली आहे. बारीक रवा आणि जाड रवा यांतला फरक बोटांना कळतो तसा तो हिरड्यांनाही कळतो. उत्तम बारोलोचा तुरटपणा पिठूळ असतो : प्रमाणाने खूप, पण कण बारीक, सगळीकडे सारखा पसरलेला, आणि पिकलेल्या जांभळासारखा फळाच्या अंगातच मुरलेला. कच्चं केळं किंवा हिरवा पेरू चावल्यासारखा, तोंडाला चिकटणारा आणि मागे हिरवट वास ठेवणारा असेल तर द्राक्षं नीट पिकलेली नाहीत. चहा उकळून उकळून काढल्यासारखा तुरट-कडू, घशाकडे ओढणारा असेल तर बियांतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघाला आहे. आणि आइस्क्रीमचा लाकडी चमचा चाटल्यासारखा, पुढच्या हिरड्या सुकवणारा, सोबत व्हॅनिला आणि लवंग घेऊन येणारा असेल तर ते नव्या ओक पिंपाचं टॅनिन आहे. जुन्या पद्धतीत साली आणि रस महिना-दीड महिना एकत्र ठेवून वाइन मोठ्या, जुन्या पिंपांत मुरवतात. १९८०च्या दशकात काही उत्पादकांनी सालींचा काळ काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची नवी छोटी पिंपं वापरली. वाइन लवकर मऊ झाली, पण लाकडी चमच्याची तक्रारही तेव्हापासूनची.

हे फरक तोंडात पक्के करायचे तर घरी तीन पेले मांडा. पहिल्यात पातळ चिंचेचं पाणी : द्राक्षातलं मुख्य आम्ल, टार्टारिक, तेच चिंचेतही आहे. दुसऱ्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे चहापत्ती पाच मिनिटं ठेवून गाळलेला, गार केलेला कोरा चहा. तिसऱ्यात ४२.८ टक्क्यांची व्होडका एक भाग आणि पाणी दोन भाग, म्हणजे बारोलोच्या जवळपास, १४ टक्क्यांच्या थोडं वर. आळीपाळीने चूळ भरून थुंका. आंबटपणाने लाळ सुटते, तुरटपणाने आटते, अल्कोहोलने घशाशी ऊब येते. नंतर चिंचेचं पाणी आणि चहा अर्धा-अर्धा मिसळून बघा. आंबटामुळे तुरट अधिक धारदार होतं, आणि बारोलो तरुणपणी इतकी कठोर का वाटते ते एका घोटात कळतं.

तुरटपणाची एक खोड लक्षात ठेवायलाच हवी : तो साठत जातो. दुसरा घोट पहिल्यापेक्षा तुरट लागतो, तिसरा त्याहून. म्हणजे रांगेत पहिली असलेली वाइन फुकटात मऊ ठरते. दोन वाइनमध्ये साध्या पाण्याने चूळ, बिनमिठाच्या पावाचा तुकडा आणि दीड-दोन मिनिटांची विश्रांती घ्या, आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा. चीज, शेंगदाणे, चिवडा टेबलावर ठेवू नका. प्रथिनं आणि स्निग्धांश टॅनिनला स्वतःकडे ओढतात, मीठ कडूपणा झाकतं, तिखट अल्कोहोलची आग वाढवतं. जेवताना हे सगळं हवंच आहे, पारखताना नको.

शेवटी लांबी. थुंकल्यावर सेकंद मोजा, पण मोजायचं काय ते ठरवून. फ्रेंच लोक एका सेकंदाला एक ‘कोदाली’ म्हणतात. मोजायचा तो वासासकट रेंगाळणारा स्वाद. हिरड्यांवर उरलेला कोरडेपणा किंवा घशातली ऊब त्यात धरायची नाही. पाचेक सेकंदांत फळ गेलं आणि तुरटपणा एकटाच मागे राहिला तर वाइन कितीही भारदस्त असो, पोकळ आहे. तुरटपणा हळूहळू सैल पडतो आणि त्याच्या खालून गुलाब, चेरी, ज्येष्ठमध पुन्हा वर येतात, वीस सेकंदांनंतरही, तर ती मोठी वाइन. बारोलोचा सगळा न्याय या जागी होतो. हा तुरटपणा वयाने उतरेल का, याचंही उत्तर इथेच असतं, कारण मुरताना टॅनिनचा काही भाग रंगाबरोबर गाळ होऊन तळाशी बसतो, पण नसलेलं फळ काही नव्याने येत नाही.

गावांचा फरक बघायचा असेल तर एकाच सालच्या दोन बाटल्या घ्या, एक ला मोर्रा गावची आणि एक सेर्रालुंगा द’आल्बाची. पश्चिमेकडच्या ला मोर्राच्या निळसर, चुनखडीयुक्त मातीतून सुगंधी आणि लवकर मवाळ होणारी वाइन येते. पूर्वेकडच्या सेर्रालुंगाची जमीन जुनी, तिची वाइन हाडापेराने मजबूत आणि दीर्घकाळ बंद राहणारी. २०१४ पावसाळी, २०१६ संथ पिकलेलं, २०१७ उष्ण आणि कोरडं साल. याचे पडसादही तुरटपणातच आधी उमटतात.

तरुण बारोलो पसरट सुरईत दोन-तीन तास उघडी ठेवावी. वीस वर्षांवरची असेल तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, मानेखाली दिवा धरून एका धारेने ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. तिला हवेत तासन्‌तास ठेवलं तर उरलासुरला वासही जातो.

गुण द्यायचे असतील तर आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या, म्हणजे ओआयव्हीच्या, १०० गुणांच्या तक्त्यात दिसण्याला १५, वासाला ३०, चवीला ४४ आणि एकूण ठशाला ११ आहेत. दिसण्याचे १५ गुण नेब्बिओलोवर अन्याय करतात असं वाटतं; तिथे फक्त स्वच्छता तपासून पुढे जावं. आणि आकड्यांवर फार विसंबू नये. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली गेली. २००८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले : आपलाच निर्णय एकाच पदकाच्या पातळीत पुन्हा देऊ शकणारे परीक्षक दहांत एखादाच. स्वतःची परीक्षा घ्यायची तर तीन पेले भरून घ्या, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला सहापैकी पाच वेळा ओळखता आला तर तो फरक तुम्हाला खरंच कळतो. चार वेळा नशिबानेही जमू शकतं.

याच मोजपट्टीने नाशिकची लाल वाइन मोजायला गेलात तर चुकाल. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. पिएमोंतेत द्राक्षं गारव्यात पिकतात, इथे वाढत्या उन्हात. साखर पुढे पळते, आम्ल झरझर उतरतं, बिया मागे राहतात. म्हणून इथल्या वाइनमध्ये पहिला प्रश्न हिरव्या तुरटपणाचा आणि अल्कोहोलच्या उबेचा विचारावा. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये मिरीचा वास शोधा. तो खरोखर मिरीतल्याच रोटंडोन या संयुगाचा असतो, आणि पाचांतल्या एका माणसाला तो येतच नाही. शेजाऱ्याला आला आणि तुम्हाला नाही, तर वाद घालू नका.

बाटलीतली अर्धी वाइन उघडल्या उघडल्या ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी १७ अंशांवर आणून कालची टिपणं न वाचता नव्याने चाखा. तरुण, चांगली बारोलो बहुतेकदा दुसऱ्या दिवशी अधिक मोकळी असते : तुरटपणा तेवढाच, पण पीठ अजून बारीक दळलेलं. फळ विरून नुसतं लाकूड आणि कोरडेपणा उरला असेल तर उरलेली बाटली मटणाच्या रश्श्यात ओता.